‘बुकिश’ नाटके आणि त्यांचा वाचक

मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात काही शब्द इतके रूढ झाले आहेत की, त्यांच्या पोटात दडलेला निवाडा तपासून पाहण्याची आवश्यकता कोणास वाटत नाही. ‘बुकिश’ हा असाच एक शब्द होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी नाटके प्रथम पुस्तकरूपाने छापून निघाली आणि मग, झालाच तर, ज्यांचा प्रयोग झाला, त्यांस नाटकवाल्यांनी हे नाव दिले. विष्णुदासी पद्धतीच्या पौराणिक खेळांहून ती निराळी ओळखता यावीत, एवढाच प्रारंभी या नावाचा हेतू असावा. परंतु ‘पुस्तकी’ या मराठी शब्दास जी उपहासाची छटा आहे, ती या इंग्रजी विशेषणासही लवकरच येऊन चिकटली. आप्पाजी विष्णु कुळकर्णी यांच्या ‘मराठी रंगभूमि’ (१९०३) या ग्रंथापासून श्री. ना. बनहट्टी यांच्या ‘मराठी रंगभूमीचा इतिहास’ (१९५७) या ग्रंथाच्या पहिल्या खंडापर्यंत जो इतिहास लिहिला गेला, तो स्वाभाविकपणेच प्रयोगांचा, मंडळ्यांचा आणि नटांचा इतिहास आहे. अशा इतिहासात जे नाटक रंगले नाही ते फसले, असा हिशेब आपोआप होतो. तेच नाटक कोणी घरी बसून, समई जवळ ओढून, निव्वळ आवडीने वाचले असेल, ही रक्कम त्या हिशेबात कोठेच जमा धरलेली नसते.

ती जमा धरून पाहिल्यास चित्र बरेच पालटते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. इ. स. १८५१ ते १८८० या तीस वर्षांत मराठीत जी नाटके छापून निघाली, त्यांपैकी बहुतेकांचे खरे घर पुस्तक हेच होते आणि त्यांचा प्रेक्षक म्हणजे वाचक. त्या वाचकाने जे शिकून घेतले, त्याच्या भांडवलावर पुढची रंगभूमी उभी राहिली.

आरंभ जेथे सर्वजण करतात तेथूनच करावा. दि. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ करून दाखविले. त्या खेळांची रचना सर्वश्रुत आहे. सूत्रधाराने पदे म्हणावयाची, पात्रांनी त्यांच्या अनुरोधाने आपापले भाषण आयत्या वेळी जुळवावयाचे, राक्षसांनी आरडाओरडा करीत रंगण हादरून सोडावयाचे. गद्य भाषण लिहून ठेवण्याचे कारणच नव्हते. त्यामुळे भावे यांनी उतारवयात आपली रचना ‘नाट्यकवितासंग्रह’ (१८८५) या नावाने छापली, तेव्हा तीत आली ती पदे. पात्रे एकमेकांशी काय बोलली, हे त्या पुस्तकात सापडत नाही. सापडणे शक्यही नाही. ते बोलणे त्या त्या रात्री जन्मले आणि त्या त्या रात्रीच निमाले. भाव्यांचे नाटक पाहता येत होते, ऐकता येत होते. ते वाचता मात्र येत नव्हते. वाचावयाचे नाटक मराठीत आणले ते दुसऱ्याच लोकांनी, आणि ते लोक नाटकवाले नव्हते.

ते शास्त्री होते. पेशवाईत श्रावणमासी वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलात हळूहळू कमी होत गेली आणि तिच्यातील काही रक्कम देशभाषेतील ग्रंथांना उत्तेजन देण्याकडे वळविण्यात आली. दक्षिणा प्राइझ कमिटी या नावाने प्रसिद्ध असलेल्या मंडळाचे कार्य १८५१ च्या सुमारास सुरू झाले. त्याच साली ‘प्रबोधचंद्रोदय’ मराठीत छापून निघाले. छापील मराठी नाटकांत ते अगदी आरंभीचे गणले जाते. कृष्णमिश्राच्या या अकराव्या शतकातील नाटकात विवेक, महामोह, श्रद्धा, दंभ अशी पात्रे आहेत. मराठी छापखान्यातून बाहेर पडलेल्या आरंभीच्या नाटकांतील पात्रे ज्यांना देहच नाही अशी असावीत, हा योगायोग सूचक आहे. महामोहाला मुकुट कसला घालावा, हा प्रश्न कपडेपटवाल्याला पडेल. वाचकाला तो पडत नाही.

यानंतर आले परशुरामपंततात्या गोडबोले. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात हात असलेले, ‘नवनीत’ (१८५४) या काव्यवेच्यांच्या संग्रहाने पिढ्यानुपिढ्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे झालेले हे गृहस्थ. त्यांनी ‘वेणीसंहार’ (१८५७), ‘उत्तररामचरित’ (१८५९), ‘शाकुंतल’ (१८६१), ‘मृच्छकटिक’ (१८६२) अशी भाषांतरांची मालिकाच सिद्ध केली. कृष्णशास्त्री राजवाडे यांनी ‘मालतीमाधव’, ‘मुद्राराक्षस’, ‘शाकुंतल’ व ‘विक्रमोर्वशीय’ मराठीत आणले. या दोघांनाही नट हाताशी नव्हते, मंडळी नव्हती, आणि असावी अशी त्यांची इच्छा असल्याचेही त्यांच्या कृतींवरून दिसत नाही. ज्या परंपरेत ते वाढले, तीत नाटक हा काव्याचा एक प्रकार होता. साहित्यशास्त्राने काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भाग पाडले हे खरे. पण पाठशाळेत ‘शाकुंतला’चे अध्ययन ‘रघुवंशा’च्या शेजारीच, पोथी पुढे ठेवून, अन्वय लावीत होत असे. अभिनवगुप्ताने तर स्पष्टच म्हणून ठेवले आहे की, सहृदयाला नाटकाच्या केवळ वाचनानेही रसप्रतीती होते; नटांचे साहाय्य लागते ते ज्याचे हृदय तितके निर्मळ नाही त्याला. इकडे ॲरिस्टॉटलनेही शोकांतिकेचे सामर्थ्य प्रयोगावाचून व नटांवाचून टिकते, असे मत देऊन ठेवले होते. ही दोन मते एकमेकांस ठाऊक नसताना जुळावीत, याचा आनंद संस्कृत व इंग्रजी अशा दोन्ही विद्या शिकलेल्या त्या काळच्या तरुणास खासच झाला असता.

परंतु तत्त्वचर्चेपेक्षा प्रत्यक्ष नाटके उघडून पाहणे अधिक फलदायी. ‘मृच्छकटिका’च्या चौथ्या अंकात मैत्रेय वसंतसेनेच्या वाड्यात जातो आणि एकामागून एक आठ चौक ओलांडतो. प्रत्येक चौकात नवा देखावा: कोठे हत्ती, कोठे वाद्ये, कोठे स्वयंपाकघराचा घमघमाट, कोठे सोनार जवाहीर घडवीत बसलेले. रंगमंचावर हे आठ चौक दाखविणे अशक्य. नटाने ते नुसते सांगावयाचे म्हटले तर प्रेक्षक चुळबुळू लागतात, आणि व्यवहारी दिग्दर्शक हा भाग कापतो. वाचकाच्या बाबतीत उलटे घडते. कथानक थांबले याची त्याला तक्रार नसते. तो मैत्रेयाबरोबर, त्याच्याच अधाशी चालीने, एकेक चौक बघत पुढे सरकतो. मला स्वतःला या नाटकाची गोडी प्रथम लागली ती याच ठिकाणी. पुढे प्रयोग पाहण्याचा योग आला तेव्हा माझा वाडा मला तेथे सापडला नाही, हे कबूल केले पाहिजे.

त्याच नाटकातील शकाराचे पाहा. राजाचा हा मेहुणा पुराणे ऐकून ऐकून अर्धवट लक्षात ठेवणारा. तो बोलता बोलता कुंतीला रावणाच्या तावडीत देतो आणि रामायण-महाभारताची अशीच भेसळ ठायी ठायी करतो. विनोद सगळा शब्दांचा आणि स्मरणाचा. नटाच्या तोंडून तो भरकन निघून जातो. जो हसतो तो हसतो, बाकीचे शेजाऱ्याकडे पाहतात. वाचकाला थबकता येते. ओळ पुन्हा वाचता येते. कीर्तन-पुराणांवर पोसलेल्या त्या काळच्या मराठी वाचकाला हा विनोद उलगडून सांगण्याची गरज नव्हती. शकाराची चूक ओळखणे हाच त्याच्या विद्वत्तेचा छोटासा गौरव होता.

‘वेणीसंहारा’त चौथा अंक जवळजवळ सगळा वृत्तांतकथनाने भरला आहे. सुंदरक दुर्योधनाला रणातील हकीकत सांगतो आणि ती संपता संपत नाही. नाट्यदृष्ट्या हा दोष असल्याचे टीकाकार म्हणत आले आहेत, आणि ते खरेही आहे. पण मोरोपंतांची युद्धपर्वे हौसेने वाचणाऱ्या मनुष्यास तो दोष वाटण्याचे काय कारण? ‘मुद्राराक्षसा’त याहून वेगळी गोष्ट आहे. अंगठीची मुद्रा, शकटदासाच्या हातचे पत्र, पर्वतकाचे अलंकार, हे धागे चाणक्य पहिल्या अंकापासून विणतो आणि त्यांची गाठ बसते ती कितीतरी पुढे. पाहणाऱ्याने एखादे वाक्य हरवले की तो अंधारात. वाचणारा चार पाने मागे जाऊन पाहतो आणि मग चाणक्याच्या बुद्धीस दाद देतो. पाने मागे उलटण्याची ही सोय पाहणाऱ्याला नाही.

‘उत्तररामचरित’ मात्र या सर्वांहून नाजूक प्रकरण आहे. तिसऱ्या अंकात सीता भागीरथीच्या प्रसादाने अदृश्य होऊन पंचवटीत वावरते. रामाला तिचा स्पर्श कळतो, ती दिसत नाही. रंगभूमीवर ती सर्वांच्या डोळ्यांसमोर उभी असते आणि केवळ रामाला दिसत नाही असे आपण मानून चालतो. पुस्तकात ती वाचकालाही दिसत नाही. तिचे शब्द तेवढे आहेत. रामाच्या मनाची जी स्थिती, तिच्या जवळात जवळ वाचक जातो. पहिल्या अंकातील चित्रदर्शनाचा प्रसंगही असाच. राम, लक्ष्मण व सीता पूर्वचरित्राची चित्रे पाहतात. ती चित्रे प्रेक्षागारात बसलेल्याला दिसत नाहीत, वाचकालाही दिसत नाहीत. पाहणारा आणि वाचणारा येथे अगदी एका पायरीवर उभे असतात. भवभूतीचे नाटक वाचनात इतके का खुलते, याचे एक कारण या दोन अंकांत सापडेल.

येथे एका लहानशा तांत्रिक बाबीकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण वाङ्मयेतिहासात तिची नोंद क्वचित होते. मराठी मनुष्य या काळापर्यंत वाचीत होता तो बहुधा मोठ्याने. चातुर्मासात श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ लावला जाई. एक वाची, दहा ऐकत. त्या ओव्यांत कोण बोलत आहे हे ओवीच सांगते. ‘म्हणे’, ‘बोले’ ही क्रियापदे तिच्या अंगातच विणलेली असतात. छापील नाटकात बोलणाऱ्याचे नाव भाषणाच्या आधी वेगळे उभे राहिले. ते डोळ्यांनी पाहावयाचे, तोंडाने उच्चारावयाचे नाही. राजा, विदूषक, प्रतीहारी अशी नावे ओलांडीत नुसती भाषणे मनात ऐकणे ही मराठी वाचकाला नवी कसरत होती. तिला साहाय्य झाले विरामचिन्हांचे. मेजर कँडी यांनी इंग्रजी वळणाची विरामचिन्हे मराठीत रूढ केली ती याच सुमारास. शाळाखात्याच्या पुस्तकांत ही चिन्हे शिस्तीसाठी आली. नाटकाच्या पुस्तकात त्यांनी जवळजवळ नटाचे काम केले. प्रश्नचिन्ह आवाज चढविते, उद्गारचिन्ह तो थरथरवते, संयोगरेषा वाक्य अर्ध्यावर तोडून पात्राचा गळा दाटल्याचे कळविते. कंसातल्या रंगसूचनाही तशाच. ‘झाडांस पाणी घालण्याचा अभिनय करते’ अशा अर्थाची सूचना संस्कृत नाटककाराने नटीसाठी लिहिली असेल. मराठी वाचकाने ती वाचली तेव्हा शकुंतला झाडांस पाणी घालू लागली, अभिनय बाजूला राहिला.

शास्त्र्यांच्या पाठोपाठ इंग्रजी शिकलेल्यांची पिढी आली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि शेक्सपिअर हा परीक्षेचा विषय झाला. महाविद्यालयात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास ‘ऑथेल्लो’ किंवा ‘हॅम्लेट’ यांची ओळख प्रथम झाली ती टीपांसह छापलेल्या पुस्तकात, प्राध्यापकांच्या विवरणातून. शेक्सपिअर हा नाटकमंडळीचा भागीदार होता, दररोज दुपारी प्रयोगाच्या धांदलीत असे, हे त्याला सांगितले तरी खरे वाटले नसते. त्याच्यापुरता शेक्सपिअर हा ग्रंथकार होता. आणि यात त्या विद्यार्थ्याची फारशी चूक नव्हती. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर १६२३ साली त्याच्या सोबत्यांनी छत्तीस नाटकांचा संग्रह छापला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी आवाहन केले होते ते वाचकांस. त्या छत्तिसांपैकी अठरा नाटके तोवर छापलीच गेली नव्हती. तो ग्रंथ निघाला नसता तर ती बहुधा नष्टच झाली असती.

महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे ‘ऑथेल्लो’ १८६७ साली प्रसिद्ध झाले. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ‘टेंपेस्ट’ १८७५ मध्ये मराठीत आणले. हे नाटक वर सांगितलेल्या अठरांपैकीच एक आहे. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर टीका लिहिणारे कीर्तने ते हेच. शंकर मोरो रानडे यांनी ‘किंग लिअर’चे ‘अतिपीडचरित’ (१८८१) केले. चार्ल्स लॅमने १८११ साली लिहिलेल्या निबंधात लिअर हा रंगभूमीवर दाखविताच येत नाही, तो वाचावयाचाच, असा दावा केला होता. तो आजच्या नाट्याभ्यासकांस मान्य होणार नाही, मलाही तो पुरता मान्य नाही. पण वृद्ध राजाच्या अंगावर कोसळणारे वादळ आणि पत्र्यांचा गडगडाट यांत किती अंतर असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला लॅमचे दुःख समजते.

या सर्वांत आगरकरांची कथा निराळी. कोल्हापूर प्रकरणी टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. त्या काळात आगरकर ‘हॅम्लेट’च्या भाषांतरात गढलेले होते. ते ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये बाहेर आले. तुरुंगाच्या कोठडीत बसून डेन्मार्क हेच एक कारागृह आहे असे मानणाऱ्या राजपुत्राची भाषणे मराठीत उतरवीत असलेला हा पंचविशीतला तरुण! रंगभूमीपासून इतक्या दूर अंतरावर क्वचितच कोणी नाटक वाचले असेल, आणि इतक्या जवळूनही. पुढे शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी यांनी याच भाषांतराच्या आधाराने हॅम्लेट साकारला व तो महाराष्ट्रभर गाजला. त्या कीर्तीचा उगम नाटकगृहातला नव्हता.

आता स्वतंत्र नाटकाकडे वळावयास हवे. नीळकंठरावांचे बंधू विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) लिहिले तेव्हा ते विशीत होते. मराठीतील पहिले स्वतंत्र ऐतिहासिक नाटक म्हणून त्याची गणना होते आणि शोकपर्यवसायी नाटक म्हणूनही ते आद्य ठरते. थेऊर येथे माधवरावांचा १७७२ साली झालेला अंत आणि रमाबाईंचे सहगमन हा त्याचा शेवट आहे. मृत्यू रंगभूमीवर आणू नये असा संस्कृत नाटकाचा दंडक, आणि मंगल आरत्यांनी खेळ आटोपण्याची भाव्यांची प्रथा. हे दोन्ही एका झटक्यात ओलांडणे एखाद्या मंडळीच्या चालकास धाडसाचे वाटले असते. त्याला दुसऱ्या दिवशीच्या गल्ल्याची चिंता. कीर्तन्यांना ती नव्हती. त्यांनी नाटक लिहिले ते बखरी वाचणाऱ्यांसाठी, आणि ज्यांच्या घरी माधवरावांच्या अकाली मृत्यूची हळहळ अद्याप निवाली नव्हती अशा लोकांसाठी. पुढे इचलकरंजीकर मंडळीने ते रंगभूमीवर आणले हे खरे; परंतु शोकान्त नाटक मराठीत शक्य झाले ते प्रथम कागदावर, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

वाचकाचा कैवार घेताना वकिली करू नये. या तीस वर्षांत छापलेली पुष्कळ नाटके आज वाचवत नाहीत. शास्त्र्यांची वाक्ये समासांनी जड झालेली आहेत. इंग्रजीवरून केलेल्यांत मराठी वाक्य कोठे मोडते ते भाषांतरकारास कळलेले नाही. राजा, कंचुकी आणि चेटी सारखीच ग्रांथिक मराठी बोलतात. मूळ संस्कृत नाटकांत स्त्रिया व सेवकवर्ग प्राकृत बोलत असल्याने जो भाषाभेद कानाला जाणवतो, तो या भाषांतरांत जवळजवळ पुसला गेला आहे. हे नुकसान मोठे आहे, आणि ते वाचनाच्या सवयीतूनच आलेले आहे. बोलून पाहिले असते तर ते लगेच लक्षात आले असते. शिवाय प्रत्येक प्रत आवडीनेच विकत घेतली गेली असेही नव्हे. काही परीक्षेसाठी, काही शाळांच्या ग्रंथालयांसाठी गेल्या असणार. म. बा. चितळे यांच्या ‘मनोरमा’ (१८७१) या नाटकासारख्या सामाजिक कृती तर वाचणाऱ्याला रमविण्यापेक्षा हलविण्यासाठी लिहिल्या गेल्या. असो. करमणूक आणि उपदेश यांची इतकी काटेकोर फारकत त्या पिढीने केलीच नव्हती. ती आपण मागाहून तिच्यावर लादू नये.

नाटकमंडळ्यांनी या पुस्तकांना हात घातला तेव्हा काय घडले? पहिली अडचण पाठांतराची. भाव्यांच्या खेळात पात्रास प्रसंग ठाऊक असला की भागे; आता प्रत्येकास आपली ‘नक्कल’ अक्षरशः पाठ करणे प्राप्त झाले. शब्द बदलला तर प्रेक्षकांत बसलेला एखादा विद्यार्थी तो बदल ओळखणारा असे, कारण त्याने पुस्तक वाचलेले असे. नटाच्या तोंडच्या शब्दावर लेखकाचा हक्क प्रस्थापित झाला तो असा, वाचकाच्या पहाऱ्याखाली. पुण्याच्या आर्योद्धारक मंडळीने कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ हाती घेतला. या मंडळीत गोविंद बल्लाळ देवल होते. त्यांनीच पुढे त्याच नाटकाचा ‘झुंझारराव’ (१८९०) केला. जो ग्रंथ त्यांनी आधी वाचला आणि मग तालमीत घोटला, तो त्यांनी शेवटी आपल्या भाषेत नव्याने लिहून काढला. ‘बुकिश’ नाटकाचे आयुष्य कसे वाढत गेले, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

यानंतरचा प्रसंग सर्वांस विदित आहे. दि. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ पाहून त्यांना ही स्फूर्ती झाली, असे सांगतात. त्या रात्री झाले ते पहिले चार अंक. शकुंतला कण्वाश्रमाचा निरोप घेते तेथे पडदा पडला. दुष्यंताने तिला ओळखण्याचे नाकारणे, कोळ्याला सापडलेली अंगठी, मारीचाच्या आश्रमातील पुनर्मीलन, यांतले काहीही त्या रात्री झाले नाही. आणि तरी प्रेक्षक तृप्त होऊन घरी गेले. अर्ध्यावर थांबलेल्या नाटकाने लोक तृप्त होतात, ते उरलेले त्यांना ठाऊक असते म्हणून. महाभारतातील शकुंतलोपाख्यान पुष्कळांस ठाऊक होते. पण अंगठीची कथा महाभारतात नाही, ती कालिदासाची आहे. ती मराठी वाचकाच्या घरी गोडबोल्यांच्या पुस्तकाने १८६१ साली आणि राजवाड्यांच्या पुस्तकाने त्यानंतर काही वर्षांनी पोहोचविली होती. किर्लोस्करांच्या यशातून त्यांच्या पदांचे व गाणाऱ्या नटांचे श्रेय तिळभरही कमी करण्याचा हेतू नाही. परंतु त्या रात्री प्रेक्षागारात सातही अंक वाचून आलेले लोक बसले होते, ही गोष्ट प्रयोगाच्या इतिहासात सहसा लिहिली जात नाही.

त्यानंतर वाचणारा मागे पडला. संगीत नाटकाच्या लाटेत लोक नाटकगृहाबाहेर विकत घेऊ लागले ती पदांची पुस्तके. ती वाचण्यासाठी नव्हती, घरी गेल्यावर चाल आठवण्यासाठी होती. एक वर्तुळ पुरे झाले म्हणावे: भाव्यांच्या संग्रहात जसे नुसते पद्य, तसेच याही पुस्तिकांत. गद्य नाटकाचा वाचक मात्र अधूनमधून डोके वर काढीत राहिला. खाडिलकरांचे ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ १८९३ साली लिहिले गेले आणि रंगभूमीवर आले १९०६ साली. गडकऱ्यांचे ‘राजसंन्यास’ तर त्यांच्या मृत्यूमुळे (१९१९) अपुरेच राहिले. त्यातील भाषणे मुखोद्गत असलेले लोक महाराष्ट्रात पिढ्यानुपिढ्या भेटत आले, आणि त्यांपैकी फारच थोड्यांनी ती पुस्तकाबाहेर ऐकली असतील.

आतापर्यंत वाचनाने नाटकाला काय दिले ते सांगितले. त्याने एका नाटकापासून काय हिरावून घेतले, तेही सांगणे प्राप्त आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. गरोदर कुणबी स्त्रीला व तिच्या नवऱ्याला ग्रहांचे भय घालून एक जोशी कसा नागवतो, हा त्याचा विषय. कमिटीने ते स्वीकारले नाही; तिच्यातील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनीच पुढे ‘गुलामगिरी’त (१८७३) नमूद केले आहे. म्हणजे संस्कृतातील नाटकांना मराठीत आणणाऱ्यांच्या पाठीशी जो आश्रय उभा होता, त्याच्याच दारातून हे नाटक परतले. त्याचा निकाल कोणा प्रेक्षकाने दिला नाही. शिट्ट्या झाल्या नाहीत, गल्ला बुडाला नाही. ते चार विद्वानांनी वाचले, आणि वाचूनच नाकारले. ‘वेणीसंहारा’तील युद्धवर्णन आवडीने वाचणाऱ्या रसिकाला कुणब्याच्या घरातील जोशाचे बोलणे वाचवेना, यात नाट्यगुणांचा संबंध किती होता, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

नाटक त्यानंतर हस्तलिखितातच राहिले आणि १९७९ साली छापले गेले, लिहिल्यापासून चोवीस अधिक शंभर वर्षांनी. शास्त्र्यांच्या नाटकांत जो पोशाखी सारखेपणा आहे, त्याचा येथे मागमूस नाही. जोशी गोड बोलतो, कुणबीण भितीभितीने विचारते, नवरा हिशेब करीत राहतो. प्रत्येकाची मराठी वेगळी आहे, आणि ती वाचता वाचता कानात उमटते. ‘बुकिश’ नाटकांत ज्या गोष्टीची उणीव वर दाखविली, ती भाषाभेदाची जाण ज्या एका कृतीत होती, तीच त्या काळच्या वाचकाच्या हाती पडू दिली गेली नाही. नाटकाच्या शेवटी ते जोडपे फुले पतिपत्नींनी चालविलेल्या रात्रीच्या शाळेत जावयाचे ठरविते. म्हणजे वाचावयास शिकण्यासाठी निघते. मधूनमधून विदूषक येतो व जोशाच्या बोलण्यावर टीका करतो. ती जोशाला ऐकू जात नाही, कुणब्यालाही नाही. ती कोणाला उद्देशून आहे, हे पुस्तक हाती धरणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही.